आत्याच्या वाट्याचा शब्द

जळकोटला हायवेच्या कडेला माझं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर बीपीचं मशीन, सुट्टे नसले की द्यायच्या गोळ्यांची बरणी, आणि दोन्हींच्या मधे एक जाडजूड मराठी शब्दकोश. नवीन गिऱ्हाईक त्याला औषधांचं पुस्तक समजतं. जुन्यांना ठाऊक आहे की बाईला असला नाद आहे आणि दुपारी येऊन उगाच हाका मारल्या तर बाई वैतागते.

शब्दकोश वडिलांचा. ते एसटीच्या डेपोत होते. रद्दीच्या दुकानातून त्यांनी तो उचलला, खाकी कापडात बांधून घेतला. पहिली काही पानं नव्हतीच. त्यामुळे 'अ'चे सुरुवातीचे शब्द आमच्या घरात कधी जन्मालाच आले नाहीत. आम्ही भावंडांनी कशाचा अर्थ विचारला की वडील सांगायचे नाहीत, पुस्तकाकडे बोट करायचे. एक शब्द शोधायला जावं आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच शब्दांत गुंतून जावं, हे मला तेव्हा लागलं ते लागलंच. निढळ म्हणजे कपाळ हे माहीत होतं, निढळाचा घाम म्हणतो ते. पण कपाळावर आडवा हात धरून लांबवर न्याहाळण्यालाही तोच शब्द आहे, हे कळलं तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर जाऊन तसं करून बघितलं होतं. समोरचा टायरवाला विचारत होता, कुणाची गाडी येणारे का म्हणून.

'अळुमाळ' सापडला तेव्हा तर दिवसभर तोच तोंडात होता. अळुमाळ म्हणजे अगदी थोडं, किंचित. एका म्हाताऱ्यानं खाजेच्या मलमाची ट्यूब घेतली आणि विचारलं, किती लावायचं? मी म्हटलं, अळुमाळ. तो खिशात हात घालत म्हणाला, "मंग त्ये बी द्या एक."

या नादामुळे एक काम मागे लागलं. लोक नाव विचारायला यायला लागले. जळकोटात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांत आता कुणालाच ओळखीचं नाव नको असतं. मोबाइलमधून काढलेली नावं घेऊन येतात. अर्थ विचारला तर एकमेकांकडे बघतात. "मॅडम, गावात कुणाचंच नसावं, म्हनाया सोपं आन् अर्थाला चांगलं, आसं द्या," म्हणतात. जसं काही मी कपाटातून स्ट्रिप काढून देणार आहे. मी आधी चिडते, मग शोधते. खरं तर आवडतंच मला. एखादा शब्द वर्षानुवर्षं पानात पडून असतो, कुणी त्याला हाक मारलेली नसते, आणि एक दिवस तो तुरुतुरु दुकानात येऊन गोळी मागतो.

त्यामुळे भावजयीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा भाऊ फोनवर पहिलं वाक्य बोलला ते असं, "ताई, पुस्तक काढ." तो अणदूरला असतो. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि ही आत्या अख्ख्या गावाला नावं पुरवणारी. मी जमिनीपासून दोन बोटं वरच चालत होते. घाई अजिबात केली नाही. रोज दुपारी थोडी पानं, चवीनं. एखादा शब्द बरा वाटला तरी ठेवून द्यायचे, पुढं याहून चांगला असेल म्हणून.

आणि एके दिवशी सकाळी तो सापडला. मी तो इथं लिहिणार नाही. तो आता माझा राहिलेला नाही. लहान आहे, हलका आहे, पाण्याशी त्याचं नातं आहे आणि मुलगा होवो की मुलगी, दोघांनाही चालेल असा आहे. दुकानात कुणी नव्हतं. मी तो मोठ्यानं म्हणून बघितला. मग हाक मारल्यासारखा म्हटला, मग रागावल्यासारखा, कारण नावाची खरी परीक्षा रागावतानाच होते. तिन्ही वेळा छान वाटला. खूश होऊन मी स्वतःलाच एक चहा सांगितला.

त्याच दुपारी भावाचा फोन आला. भावजय बाळंतपणाला माहेरी, सास्तूरला गेलेली होती. तिला अचानक त्रास सुरू झाला, तालुक्याला नेलं, तिथून सोलापूरला पाठवलं, आणि सोलापुरात पोचल्या पोचल्या सिझर करावं लागलं. मुलगी. दिवस भरायला बराच अवकाश होता. "काचेच्या पेटीत ठिवलंय," भाऊ म्हणाला. "डॉक्टर म्हनतेत, आत्ताच काय सांगता येत न्हाय." तो शिकलेला माणूस, एरवी माझ्यासारखंच बोलतो. घाबरला की गावाकडचं बोलतो.

मी शटर ओढलं आणि मिळाली ती गाडी धरली. वाटेत नळदुर्ग गेलं, अणदूर गेलं, मला काही दिसलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं: सकाळी मी नाव मोठ्यानं म्हटलं आणि दुपारी हे झालं.

हे मूर्खपणाचं आहे हे मला त्या गाडीत बसल्या बसल्याही कळत होतं. आमचं घर बौद्ध. शकुन, नजर, सटवाई, काळा धागा यांतलं काहीही वडिलांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम पुढं जायचे. त्यांची मुलगी मी, औषधांची पदवी घेतलेली, आणि माझ्या मनात एक शब्द आणि एक बाळ यांची गाठ बसली ती काही केल्या सुटेना.

बाळाला काचेतून बघितलं. किलोभराच्या आसपास वजन. नाकात नळी, छातीला वायरी, अंगापेक्षा डायपर मोठा. पायाला पट्टी होती, तिच्यावर भावजयीचं नाव आणि पुढं नुसतं 'बेबी'. भावजय खालच्या वॉर्डात सलाइन लावून पडलेली, तिनं अजून लेकीला पाहिलंही नव्हतं. माझा हात धरून तिनं विचारलं, "कुणासारखी दिसती?" मला सांगता येईना. इतकं लहान माणूस मी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, तुझ्यासारखी.

तिची आई तिथंच होती. सास्तूरची शेतकरी बाई, कमी बोलणारी. मी त्यांना मावशी म्हणते. त्या लेकीनं काढून दिलेल्या दुधाची वाटी घेऊन वॉर्ड आणि काचेची खोली यांच्यात जिने चढत-उतरत होत्या. तेवढं दूध सिस्टर नळीनं बाळाला द्यायच्या. मावशी कुणाशी काही बोलत नव्हत्या, रडतही नव्हत्या. मला वाटलं, गावाकडची बाई, दैवावर सोडून मोकळी झालीय.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडणं भाग होतं. दुपारी हात सवयीनं शब्दकोशाकडे गेला. मधेच कुठंतरी उघडलं आणि वरच्या ओळीत होतं: निमणे. विझणे, शांत होणे, मरणे. मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, तर झाकोळ. पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी शब्द वाचत नाहीये, कौल लावतेय. देवळात फूल उजवीकडे पडतं की डावीकडे हे बघत बसणाऱ्या बायकांना मी आयुष्यभर हसले, आणि इथं भर दुपारी काउंटरवर माझं तेच चाललेलं.

कळलं म्हणून थांबता थोडंच येतं. मी रोज उघडायला लागले. चांगला शब्द आला की दिवस बरा जायचा, वाईट आला की फोन वाजला तरी उचलायला नको वाटायचं. मग लबाडी सुरू झाली. जिथं चांगले शब्द आहेत हे माहीत होतं तिथंच बोट घालायचं. 'त'च्या पानांवर 'तग' आहे हे ठाऊक होतं, म्हणून एकदा मुद्दाम तिथं उघडलं. तग होता. टिकाव, जीव धरून राहणं. आणि थोडंच खाली, त्याच पानावर, तगमग. शब्द लावणाऱ्यानं अक्षरं बघून लावले असणार, त्याला माझ्या घरचं काय माहीत. पण मला ते पान बघवेना. ज्या पुस्तकानं मला इतकी वर्षं नुसता आनंद दिला, त्याची मला भीती वाटायला लागली, आणि या गोष्टीचा राग भीतीपेक्षा जास्त होता.

नावं विचारायला येणाऱ्यांना मी परत पाठवायला लागले. एका बाईला तर म्हटलं, आजीचं ठेवा की, काय वाईट आहे आजीच्या नावात. ती हिरमुसून गेली.

भाऊ रोज फोन करायचा. आधी बाळाचं सांगायचा: आज दूध थोडं वाढवलं, आज कावीळ आहे म्हणून निळ्या लाइटखाली ठेवलं. आणि शेवटी, "ताई, सापडलं का नाव?" मी म्हणायचे, बघतेय. एकदा तो म्हणाला, "सिस्टर इचारत हुत्या, हाक काय मारायची म्हनून." मी तोडूनच टाकलं. म्हटलं, "आधी घरी तर येऊ दे. मग करू बारसं. नाव काय पळून चाललंय?" फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे आपण काय बोललो. नाव पळून जाणार नव्हतं, हे खरं.

मग तो वाईट दिवस आला. अशी बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. मशीन वाजतं, सिस्टर येऊन तळपायाला टिचकी मारतात आणि बाळ दचकून पुन्हा श्वास घेतं. हे आधीपासून चालूच होतं. त्यावर काय औषध देतात हे मला माहीत होतं, त्याच्या कागदावरचं बारीक अक्षरातलं सगळं मी वाचलेलं होतं, त्यामुळे माझी अवस्था इतरांपेक्षा वाईट होती. त्या दिवशी ते वारंवार व्हायला लागलं. रक्तात जंतू सापडले. डॉक्टरांनी भावाला बोलावून सांगितलं की मनाची तयारी ठेवा. मी पोचले तेव्हा तो जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

भावजय आता उठायला लागली होती. खुर्चीवर बसलेली, डोळे सुजलेले. मला बघून तिनं एवढंच विचारलं, "ताई, नाव?" मी तिच्याजवळ बसले आणि पुन्हा तेच म्हटलं. घरी येऊ दे, थाटात करू, असं रीतीला सोडून दवाखान्यात कुणी नाव ठेवतं का. रीत. मी. वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांना हसावं की रडावं कळलं नसतं. भावजयीनं मान खाली घातली. मला तिथं बसवेना. मी खाली आवारात येऊन पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसले.

थोड्या वेळानं मावशी आल्या. हातात रिकामी वाटी होती, ती त्यांनी नळाखाली धुतली आणि माझ्या शेजारी पालथी घातली.

"ताई, तुमी भेताव व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो मावशी. लई."

आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. सकाळी सापडलेलं नाव, मोठ्यानं म्हटलेलं, दुपारचा फोन. कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मला वाटलं, मावशींना पटेल, त्या म्हणतील, बरं केलं ताई, नगा उच्चारू. त्यांच्या गावात मूल दगावू नये म्हणून लोक काय काय करतात हे मी ऐकून होते.

मावशींनी पालथी वाटी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "हिच्या आधी मला एक पोरगी हुती. थोरली."

मला हे माहीत नव्हतं. भावजय कधी बोलली नव्हती.

"भूकंपात गेली. धा दिसाची बी न्हवती. बारसं व्हायचं हुतं, तयारी चालली हुती." त्या वाटीच्या बुडावरून बोट फिरवत होत्या. "घर बसलं तवा म्या भाईर फेकले गेले, ती आत ऱ्हायली. सगळी गल्ली ढिगाऱ्यावर हुती, ताई. ज्येचं मानूस आत हाय त्यो त्येच्या नावानं हाका मारायलेला. कोन पोराच्या नावानं, कोन आयच्या. आतून कुनी वो दिली की तिथं उकरायचे. म्या काय म्हून हाक मारू? म्या नुस्तीच, बाळा, बाळा. गल्लीत समदीच बाळं की."

मी त्यांचा हात धरला.

"तिनं काय वो दिली नसती, तेवढी कुठली ती," त्या म्हणाल्या. "पर मला हाक मारता आली आसती. आजून बी कदी याद आली, तर काय म्हून याद काढू? नावच न्हाय." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ही जगंल न्हायतर न्हाय जगनार. त्ये तुमच्या नावानं व्हत न्हाय, ताई. पर तिच्या आयला हाक तर मारू द्या."

दैवावर सोडलेली बाई असं मी जिला समजत होते, तिच्या बोलण्यात दैव कुठंच नव्हतं. ते सगळं माझ्याच डोक्यात होतं. मला इतकी लाज वाटली की मी उठून उभी राहिले.

आम्ही वर गेलो. एका वेळी एकीलाच सोडतात, पण सिस्टरनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, हात धुवा, गाऊन घाला आणि लगेच बाहेर या. भावजय आधीपासून आत होती. पेटीला हात घालायला गोल झरोका असतो. त्यातून तिनं एक बोट आत घातलं होतं आणि बाळानं ते धरलं नव्हतं, पण बोट तिथं होतं. मी दुसऱ्या बाजूच्या झरोक्याशी वाकले. मनात अजूनही भीती होती, खोटं कशाला सांगू. मावशींचं ऐकून ती गेली नव्हती. फक्त आता ती होती म्हणून थांबायचं, असं राहिलं नव्हतं.

बारशात आत्या बाळाच्या कानाशी नाव सांगते तेव्हा भोवतीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. हसण्या-खिदळण्याचा प्रकार असतो. तेव्हा सगळे हिशोब चुकते करून घेतात. इथं मशीनचा टिकटिक आवाज होता आणि बोलायचंही हळू होतं. मी झरोक्यातून नाव सांगितलं. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. पाठीवर मावशींचा हात पडला, हलकाच, एकदा. भावजयीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग पेटीवर वाकली आणि लेकीला पहिल्यांदा नावानं हाक मारली. तिनं ती मारली, आणि मग मारतच राहिली. सिस्टर आम्हाला बाहेर काढायला आली होती, ती दारातच थांबली.

त्या रात्री काही चमत्कार झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाळ तसंच होतं, तिसऱ्या दिवशी थोडं वाईट. मी दुकानात बसून होते आणि फोन वाजला की गिऱ्हाईक तसंच सोडून उचलत होते. पण भाऊ आता 'बाळ' म्हणत नव्हता. "आज तिनं..." असं म्हणून नाव घेऊन सांगायचा. सिस्टरनं पट्टीवर 'बेबी'च्या पुढं कंसात ते लिहिलं होतं. टिचकी मारतानाही त्या आता नाव घेऊन रागावायच्या म्हणे, काय गं, श्वास कोण घेणार, मी?

पुढं अँटिबायोटिक लागू पडलं. मग वजन रडतखडत वाढायला लागलं. पुष्कळ दिवसांनी तिला अणदूरला घरी आणलं. अजूनही ती शिंकली तरी भाऊ मला फोन करतो, आणि मीही दर वेळी नुसतं सर्दीचं औषध सांगून गप्प बसत नाही, सगळं पुन्हा पुन्हा विचारते. काळजी गेलेली नाही. ती बहुतेक आता जाणार नाही.

मावशी लेकीजवळ अणदूरला राहिल्या होत्या. परवा त्या सास्तूरला परत निघाल्या, आणि वाटेत जळकोटला उतरल्या. दुपारची वेळ होती. मी म्हटलं, गुडघ्याचं काही हवंय का. नाही म्हणाल्या. पिशवी काउंटरवर ठेवून शब्दकोशाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. पानाच्या कडेला त्यांनी हलकंच बोट लावलं.

"ताई, ह्येच्यात आजून एखांदं नाव आसंल का?" त्यांनी विचारलं. "थोरलीसाटी."

मी होकाराची मान डोलावली.

"लेकराचं नगं," मावशी म्हणाल्या. "आता आसती तर लेकुरवाळी झाली आसती. मोठ्या बाईला शोभंल आसं बगा."

मी आतून स्टूल आणून त्यांना दिलं आणि शब्दकोश दोघींच्या मधे घेऊन, आहे त्या पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.